दाभाडी, चांदवड आणि सातबारा: लाल अर्थकारण उंबऱ्यापाशी का थांबलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जागोजागी आलेलं "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून आला. त्याने रीलवर कुणीतरी अमेरिकन माणूस पाहिला. मागे विळा-हातोड्याचा झेंडा, आणि तोंडी भाषा मात्र घराणं, धर्म, परंपरा, आजकालच्या पोरी, अशी. त्याचा प्रश्न साधा होता: पैशाच्या बाबतीत कम्युनिस्ट आणि घरच्या बाबतीत जुन्या वळणाचं, असं खरंच काही असतं का? की नुसतं मीम आहे?

असतं. आणि ते समजून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. द्वारका सर्कलवरून आग्रा रोडला लागलात की शंभर-एक किलोमीटरवर मालेगाव, आणि मालेगावला लागूनच दाभाडी. तिथपर्यंत गेलं तरी पुरे.

पण आधी थोडी मांडणी करू. आपण राजकारण बोलताना एकच पट्टी वापरतो: डावं की उजवं. प्रत्यक्षात प्रश्न दोन असतात. एक, जमीन, कारखाना, पगार, कर यांचं काय करायचं? दोन, घर, जात, धर्म, बाई-पुरुष यांचं काय करायचं? माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या बाईला पहिल्यांदा वाटतं की हे दोन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत. एकाची किंमत बदलली तर दुसऱ्याला धक्का लागायचं कारण नाही. म्हणजे चार कॉम्बिनेशन्स झाली, आणि चारही पक्ष शक्य झाले. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. जमिनीवर, अक्षरशः शेतजमिनीवर, ते तसं चालत नाही. आजचा एपिसोड त्यावरच आहे.

जगातलं एक उदाहरण पटकन सांगते. जर्मनीत सारा वागेनक्नेश्ट नावाच्या नेत्या आहेत. वर्षानुवर्षं डाव्या पक्षात होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा वेगळा पक्ष काढला. किमान वेतन वाढवा, श्रीमंतांवर कर लावा, पेन्शन सांभाळा, हा एक भाग. बाहेरून येणाऱ्या लोकांवर मर्यादा आणा आणि शहरी डाव्यांचे लाइफस्टाइलचे विषय बाजूला ठेवा, हा दुसरा. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्यांना ४.९८ टक्के मतं पडली. संसदेत जायला ५ टक्के लागतात. थोडक्यात हुकलं. ग्रीसचा कम्युनिस्ट पक्ष तर जुना आणि कट्टर मार्क्सवादी, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये समलिंगी विवाहाच्या कायद्याच्या विरोधात त्याने मत दिलं. तेव्हा हे मीम नाही.

आता दाभाडी.

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. तुमच्यापैकी रायगड किंवा सांगोल्याकडचे कुणी असाल तर हसाल, की हिला हे आत्ता कळलं का. पण नाशिक, पुण्यातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांना हे नाव निवडणुकीच्या निकालाच्या तळाशी "इतर" मध्येच दिसतं. १९४७ मध्ये काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा एक गट तयार झाला आणि १९४८ मध्ये तो बाहेर पडला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव, आपल्या नाशिकचे विठ्ठलराव हांडे, अशी मोठमोठी माणसं त्यात होती. यातले जेधे म्हणजे पुण्याच्या ब्राह्मणेतर चळवळीचा चेहरा. मुळात ही सगळी सत्यशोधक विचाराच्या घरातली मंडळी.

१९५० साली दाभाडीला पक्षाचं अधिवेशन भरलं आणि तिथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद हा आपला विचार म्हणून स्वीकारला. यालाच "दाभाडी प्रबंध" म्हणतात. विचार करा, मालेगाव तालुक्यातलं एक शेतकरी गाव, आणि तिथे बसून मराठी शेतकरी ठरवतात की आमची दिशा मार्क्सची. कम्युनिस्ट पक्ष वेगळा, हा वेगळा. कम्युनिस्टांचा पाया मुंबईच्या गिरणीत होता, यांचा पाया खेड्यात, कसणाऱ्या माणसात. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात याला एक ओळसुद्धा मिळत नाही, हे मला जरा खटकतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, आणि शिकायलाच हवा, पण दाभाडीचं नाव मी बी.टेक. होईपर्यंत या अर्थाने ऐकलं नव्हतं.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कमेंटमध्ये धुलाई होईल. शेकापचे नेते सनातनी होते असं मी म्हणत नाही. प्रा. एन. डी. पाटील यांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी काम केलं. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरायचे. असं साधेपण आता दाखवायलाही मिळत नाही. पक्षाने "बायकांनी घरात बसावं" असा ठराव कधी केला नाही. मग जुनं वळण कुठे आलं? ते ठरावात नव्हतं, मतदारयादीत होतं. पक्ष गावागावात उभा राहिला तो भावकीवर. मराठा-कुणबी पट्ट्यात भावकी, रायगडात आगरी समाज, सांगोल्यात धनगर समाज. भावकीचा प्रमुख लाल बावट्याखाली आला की अख्खी आळी आली. ज्या गोष्टीच्या जोरावर मतं मिळतात, त्या गोष्टीला पक्ष हात लावत नाही. जर्मनीतल्या बाईंनी परंपरा हा मुद्दा विचार करून जाहीरनाम्यात घेतला. आपल्याकडे तो जाहीरनाम्याबाहेर शांतपणे बसून राहिला, आणि माझ्या मते त्यामुळे जास्त टिकला.

माझ्याच घरचं सांगते. आमचं मूळ गाव मालेगाव तालुक्यातलं. पणजोबा कूळ होते. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा "कृषक दिन" ठरला, कसणारा मालक झाला, आणि त्यात आमच्या पणजोबांच्या नावावर जमीन चढली. आजोबा लाल बावट्याचे पक्के. मोर्चाला जायचे, भाषणं पाठ. पणजोबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून आजोबांबरोबर त्यांच्या तीन बहिणींची नावं लागली. दिवाळीला तिघी माहेरी आल्या, आणि तलाठ्याकडे जाऊन हक्कसोड करून गेल्या. प्रत्येकीला लुगडं मिळालं.

हे मी आजोबांना एकदा विचारलं होतं. "आजोबा, सावकाराची जमीन कसणाऱ्याला मिळाली पाहिजे म्हणून तुम्ही रस्त्यावर उतरलात. मग खुरपायला तर बहिणी पण होत्या की." ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं पोरी, पक्षाचं ते पक्षाचं, घरचं ते घरचं."

मला आजवर वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा या वाक्यातून जास्त कळलं. कारण बघा, शेतीत "घर" आणि "अर्थव्यवस्था" वेगळ्या नसतातच. गिरणीत मालक एकीकडे आणि कामगार दुसरीकडे. शेतात मालक, मजूर, वारस, सून, बहीण सगळे एकाच छपराखाली. कूळकायदा असो किंवा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, सरकारने आणि डाव्यांनी दोघांनीही "कुटुंब" हे एकक धरलं. कुटुंबाला किती जमीन, हा प्रश्न. कुटुंबात कुणाला किती, हा प्रश्नच नाही. मग समता आली ती कुटुंबप्रमुखांच्या आपापसात. जमीनदार आणि कूळ यांच्यातली दरी कमी झाली, ही खरी आणि मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण वाटप उंबऱ्यापर्यंत आलं आणि चपला काढून बाहेरच उभं राहिलं.

"जमिनीचे तुकडे होतील" हे उत्तर मला घरी नेहमी मिळतं. चार भावांत वाटणी होताना तुकडे होतात ते कुणाला दिसत नाहीत. बहिणीच्या वेळीच मोजपट्टी निघते. असो.

कायद्याचं थोडक्यात: १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हक्क दिला, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला. देशभर तो २००५ मध्ये आला. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने मुलीच्या हक्काला फरक पडत नाही. कायदा इथपर्यंत आला, तरी हक्कसोडपत्र चालूच आहे. माझ्या चुलत बहिणीने गेल्या वर्षी सही केली, आणि ती बँकेत नोकरी करते.

हीच गोष्ट घराबाहेरही होती. गावात दलित वस्ती होती, तिच्याकडे जमीन नव्हती. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून खासदार झाले, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत. त्या समितीत शेकापही होता, कम्युनिस्टही होते. म्हणजे मुंबईसाठी सगळे एका मांडवात. पण दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा त्यांची मागणी पडीक आणि गायरान जमिनींची होती. गायरान कुणाचं? गावाच्या गुरांचं. गुरं कुणाची? ज्याच्याकडे शेत आहे त्याची. म्हणजे मुंबईच्या मोर्चात खांद्याला खांदा लावणारा शेतकरी आणि भूमिहीन मजूर गावात परतले की बांधाच्या दोन बाजूंना. मार्क्सच्या हिशोबात दोघंही कष्टकरी. गावच्या हिशोबात एक गावातला, एक वेशीबाहेरचा. गंमत म्हणजे दादासाहेबांच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षातले लोक त्यांच्यावर "हे कम्युनिस्टांकडे झुकले" असा आरोप करत होते. बिचाऱ्यांना दोन्हीकडून.

मग शेकाप आक्रसला का? १९५७ नंतर तो राज्यातला मोठा विरोधी पक्ष होता. १९६२ ला १५ आमदार, १९६७ ला १९, कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते. १९७२ ला ७. १९९९ ला ५. २०१९ ला १. सरळ उतार नाही, मध्ये १९७८ आणि १९८५ ला तो १३ पर्यंत चढला होता, पण दिशा कळतेच.

लोक म्हणतात नेते फुटले. फुटलेच. जेधे आणि मोरे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परतले. दाभाडीच्या मार्क्सवादामागे ज्यांची मोठी भूमिका होती ते शंकरराव मोरे १९६२ ला पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. नाना पाटील दुसऱ्या दिशेला, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेवर निवडून आले. एकाच पक्षातून एक डावीकडे आणि एक उजवीकडे. यशवंतराव चव्हाणांचं "बेरजेचं राजकारण" तेव्हा जोरात होतं. हेच चव्हाण १९६३ मध्ये आपल्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, हे ट्रिव्हिया म्हणून लक्षात ठेवा.

पण फक्त फोडाफोडीने पक्ष संपत नाही. मला खरं कारण वेगळं वाटतं. ज्या कुळासाठी पक्ष लढला, ते कूळ मालक झालं. मालकाला आता सोसायटीचं कर्ज हवं होतं, उसाला कारखाना हवा होता, झेडपीत सीट हवी होती. हे सगळं काँग्रेसकडे होतं, आणि काँग्रेस भावकीलाही हात लावत नव्हती. दोन पक्षांचं सामाजिक वळण एकच असेल, तर माणूस ज्याच्याकडे कारखाना आहे तिकडे जाणार. शेकापने जर बहिणीचा, सुनेचा, वेशीबाहेरच्याचा प्रश्न आपला केला असता, तर लढायला पुढची फळी तयार असती. कदाचित जुनी फळी आधीच पळाली असती, हेही खरं. म्हणून मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यासमोर दोन्हीकडे तोटा होता.

जिथे जमीन जाण्याची भीती नव्याने आली, तिथे मात्र पक्ष टिकला. उरण-पनवेल पट्ट्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी एवढं मोठं आंदोलन का झालं, ते यातून कळेल. पण तिथेही भूखंड सातबाऱ्यावरच्या नावाला. मिठागरावर राबणाऱ्याला किंवा हक्क सोडून गेलेल्या लेकीला त्यात काय, हा प्रश्न तसाच.

आता परत आग्रा रोडवर या. मालेगावच्या अलीकडे, राहुड घाटाच्या आधी चांदवड लागतं. रेणुकामातेचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे शेतकरी संघटनेने बायकांचं अधिवेशन भरवलं. लाखभर बाया आल्या होत्या असं सांगतात. शरद जोशी म्हणजे दाभाडीच्या बरोब्बर उलट टोक. सरकारने शेतीतून बाहेर व्हावं, बाजार खुला करा, निर्यातबंदी उठवा. १९८० चं कांदा आणि उसाचं आंदोलन याच जिल्ह्यात पेटलं होतं, रस्ते, रेल्वे सगळं बंद. अर्थकारणात हा माणूस पक्का उजवा. पण चांदवडनंतर त्यांनी "लक्ष्मीमुक्ती" काढली: नवऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते गाव लक्ष्मीमुक्त. हजारो बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली.

म्हणजे बघा, जमीन वाटा म्हणणारा पक्ष उंबऱ्याबाहेर थांबला, आणि सरकारने जमिनीला हात लावू नये म्हणणारा माणूस आत गेला. माझ्या चार कॉम्बिनेशन्सच्या तक्त्यात दाभाडी एका कोपऱ्यात आणि चांदवड समोरच्या कोपऱ्यात, मध्ये तासाभराचाही रस्ता नाही.

पण चांदवडलाही देव्हाऱ्यात बसवू नका. लक्ष्मीमुक्ती ही नवऱ्याच्या मर्जीवर होती. देणारा तो, घेणारी ती. ज्याच्याकडे शेतच नाही त्याच्या बायकोला काहीच नाही. आणि ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं तेव्हा १८६ विरुद्ध १ असा निकाल लागला. तो एक म्हणजे शरद जोशी. त्यांची कारणं होती, मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. तरी चांदवडचा माणूस त्या आकड्यात एकटा बसलेला बघून विचित्र वाटतंच.

मालेगाव सोडून त्याच रस्त्याने पुढे गेलात तर धुळे. तिथल्या कॉम्रेड शरद पाटलांनी १९७८ मध्ये माकप सोडला, कारण पक्ष जातीच्या प्रश्नाला हात घालत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्सबरोबर फुले आणि आंबेडकर. जमीन आणि जात एकदमच. त्यांच्या मांडणीवर तासभर बोलता येईल, आज नको. पण निवडणुकीच्या भाषेत त्यांचाही पक्ष छोटाच राहिला. म्हणजे उंबऱ्याच्या आत गेलं की मतं मिळतात असं मी सांगत नाहीये. मिळत नाहीत. म्हणूनच तर कुणी जात नाही.

श्रोत्याच्या प्रश्नाकडे येते. त्या रीलवाल्यासारखे लोक म्हणतात की आम्ही गरिबाच्या पोटाचं बोलतो, घरच्या गोष्टी घरात राहू द्या. हे ऐकायला न्याय्य वाटतं, विशेषतः शहरी डावे लोक कधी कधी पोटाचं विसरतात म्हणून. पण आपल्या जिल्ह्याचा अनुभव सांगतो की शेतीप्रधान समाजात पोटाचा हिशोब घराच्या आतच लिहिलेला असतो. महाभूलेखवर तुमच्या गावाचा गट नंबर टाका, सातबारा फोनवर उघडा आणि भोगवटादारांच्या रकान्यात किती बायकांची नावं आहेत ती मोजा. मी मोजली. माझ्या आईचं नाही, माझंही नाही. बाबांशी बोलणं चालू आहे. ते लाल बावट्याच्या घरात वाढले, "कसेल त्याची जमीन" त्यांनाही पाठ आहे, आणि तरी गेल्या रविवारी मी विषय काढला तर ते चहा घ्यायला उठले.

शेकापचं आत्ताचं सांगायचं तर २०२४ च्या विधानसभेत पक्षाचा एक आमदार आला, सांगोल्यातून, गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. अलिबागमध्ये पक्ष हरला.

धुळ्याच्या शरद पाटलांवर वेगळा एपिसोड हवा असेल तर कळवा. आणि सातबारा मोजलात तर गावाचं नाव न सांगता नुसता आकडा पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवेन.